पुढच्या चाकाकडचा बाण

मावशींबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. पहिलं वाक्य खरं लिहायचं तर ते माझ्याबद्दल लिहावं लागतं. ते मी जरा पुढे ढकलतो. इतकी वर्षं ढकललं, आणखी दोन पानांनी काही बिघडत नाही.

मावशी आमच्या इस्पितळाच्या सायकल स्टँडवर होत्या. मागच्या फाटकाशी पत्र्याची लांब शेड, तिच्यात जमिनीत रोवलेले लोखंडी पाइप, आणि तोंडाशी एक स्टूल. त्या स्टुलावर मावशी बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. स्टूल त्यांच्या पिशवीसाठी होतं. मावशी स्वतः सायकलींच्या रांगांमधून फिरत असायच्या आणि कुठे कोणाचं कुलूप ढिलं आहे ते हाताने ओढून बघायच्या.

कान टोचण्याची त्यांना भारी हौस. नवी नर्स सायकल लावून, पुढच्या चाकात साखळी अडकवून लगबगीने निघाली की मागून हाक यायची. पुढचं चाक दोन नट सोडले की हातात येतं, मग चोर चाक आणि कुलूप तुझ्यासाठी ठेवील आणि बाकीची सायकल घेऊन जाईल, असं तिला ऐकावं लागायचं. साखळी मागच्या चाकातून, फ्रेममधून आणि पाइपाभोवतून, अशी तिन्हींतून गेली पाहिजे. कुलूप जमिनीला टेकता कामा नये, कारण टेकलेल्या कुलपावर हातोडा घालणं सोपं असतं. किल्लीचं भोक खाली ठेवायचं. रोज एकाच जागी लावायची नाही, कारण बघणारे बघत असतात. हे सगळं त्या कामावर उशीर होत असलेल्या माणसाला सांगायच्या, आणि तो माणूस ऐकायचा, कारण त्याची वाट मावशींनी अडवलेली असायची. एका मोठ्या सर्जननी महागडी सायकल आणली आणि तिला दोऱ्यासारखं कुलूप लावलं. मावशींनी त्यांना विचारलं की हे बॅगेचं कुलूप चुकून सायकलला लागलं का. दुसऱ्या दिवशी सर्जन मनगटाएवढी साखळी घेऊन आले, आणि मावशींना दाखवायला स्वतः थांबले.

तरीही चोऱ्या व्हायच्याच. शहर मोठं, सायकली हजारो, आणि आपले लोक बाजारात, बँकेसमोर, शाळेबाहेर सायकल टेकवून "आलोच दोन मिनिटांत" म्हणून जाणारे. मावशींच्या शेडमधून सहसा काही जायचं नाही, पण बाहेरून गेलेली सायकलही त्या आपलीच समजायच्या. त्यासाठी त्यांची वही होती.

पेडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या पोटाखाली कारखान्याने नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून मालकांना तो ठाऊक नसतो आणि चोरांना तो घासून काढायचा कंटाळा असतो. स्टँडवर नवी सायकल आली की मावशी ती सीट आणि हँडलवर उलटी उभी करायच्या, नंबरावरची माती फडक्याने पुसायच्या, वर पातळ कागद धरायच्या आणि पेन्सिल आडवी करून घासायच्या. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे उमटायचे. मग त्या कागदावर सायकलच्या पुढच्या चाकाच्या दिशेने एक बाण काढायच्या आणि कागद वहीत चिकटवायच्या. बाण कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. उलट्या सायकलीला कुठून बघायचं ते माणूस विसरतो, म्हणाल्या. मी हसलो होतो.

रविवारी त्या जुन्या बाजारात जायच्या. तिथे पंधरा-वीस दुकानं फक्त जुन्या सायकलींची. मावशी गिऱ्हाईक बनून फिरायच्या. नवऱ्यासाठी सायकल बघतेय, असं दुकानदाराला सांगायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण जुन्या बाजारात दर रविवारी त्याला सायकल हवी असायची. रंग बदलला असो, घंटी बदललेली असो, मावशी खाली वाकून चेन बघतेय असं दाखवत पोटाखालचा नंबर बोटाने चाचपायच्या. जुळला की तोंडातून चकार शब्द न काढता चौकीवर जायच्या आणि हवालदाराला घेऊन यायच्या. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, आपण सायकल ओढून न्यायची नाही, हा त्यांचा नियम. सात वर्षांत त्यांनी एकतीस सायकली परत आणल्या. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याची सायकल चार महिन्यांनी सापडली, तेव्हा तो गडी सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडला होता.

आता माझ्याबद्दल.

मी त्याच इस्पितळात रेकॉर्ड विभागात होतो. रुग्णांच्या फायली, त्यांचे नंबर, त्यांची कपाटं. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही फाइल चुकीच्या खणात गेली नाही, आणि ही गोष्ट मी कोणालाही विसरू देत नसे. दुसऱ्याच्या हातून आकडा इकडचा तिकडे झाला की मी तो कागद दोन बोटांत धरून सगळ्या विभागात फिरवायचो. लोक मला पाठीमागे "बिनचूक" म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं. कौतुक नव्हतं हे समजायला मला फार उशीर लागला.

माझी सायकल स्टँडवर पहिल्यांदा आली तेव्हा मावशी कागद-पेन्सिल घेऊन आल्या. मी म्हटलं, हे बालवाडीतले खेळ माझ्याबरोबर नकोत, मी नंबर लिहून देतो. सायकल उलटी होतीच. मी ज्या बाजूला उभा होतो त्या बाजूने वाकून नंबर वाचला आणि त्यांच्या वहीत माझ्या सुबक अक्षरात लिहिला. सहा-एक-आठ-शून्य-नऊ. मावशींनी बाण काढायला पेन्सिल पुढे केली तर मी वही मिटली.

चार वर्षांनी ती सायकल चोरीला गेली, बँकेसमोरून. चूक माझी. साखळी मी फक्त चाकात घातली होती.

पाच आठवड्यांनी एका सकाळी मला रेकॉर्डमधून खाली बोलावणं आलं. पाळी बदलायची वेळ, स्टँडसमोर हे एवढे लोक जमलेले. मध्ये हवालदार, जुन्या बाजारातला एक दुकानदार, मावशी आणि एक हिरवी सायकल. माझी काळी होती. दुकानदार चिडलेला होता आणि आल्यापासून एकच पालुपद लावत होता: ही बाई आमच्याकडूनच वाटा घेते आणि आम्हालाच पकडून देते. हवालदाराने त्याला गप्प केलं आणि मला सांगितलं की सायकल तुमची असेल तर तसं सांगा, म्हणजे प्रश्न मिटला. याचा माल चोरीचा ठरेल आणि बाईंचं म्हणणं खरं. नसेल तर मग ह्याच्या म्हणण्याचीही चौकशी करावी लागेल.

मी पुढे झालो. हवालदाराने नंबर वाचला: सहा-शून्य-आठ-एक-नऊ. वहीत माझ्या अक्षरात वेगळा होता.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचा आकडा लिहिताना चुकलाय. एक आणि शून्य इकडचे तिकडे झालेत. होतं असं."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बिनचूक चुकले!" आणि लोक हसले. वाईट हसू नव्हतं. सकाळच्या घाईत माणसं हसतात तसं होतं. पण माझे कान तापले. तोपर्यंत माझा डावा हात हँडलवर गेला होता, आणि बोटांनी सवयीने ब्रेक दाबला. तो ब्रेक वाकडा होता. माझी मुलगी त्या सायकलवर शिकताना कोपऱ्यावर पडली होती, तेव्हा वाकला होता, आणि मी तो कधी सरळ केला नव्हता. माझ्या दोन बोटांना तो वाक पाठ होता.

म्हणजे मला कळलं. हे मी आज स्पष्ट लिहितो. मला त्या क्षणी कळलं की सायकल माझी आहे.

मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "ही सायकल माझी नाही."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी वहीवर बोट ठेवून सांगितलं की आकडा माझ्या हातचा आहे, आणि माझ्या हातचा आकडा चुकत नाही. मग जिना चढून वर गेलो आणि दिवसभर एक अक्षर वाचलं तरी डोक्यात शिरलं नाही.

प्रशासनाने माझ्याकडून लेखी मागितलं. तेव्हाही मी सुधारू शकलो असतो. पण एकदा चार लोकांत बोललेलं कागदावर कसं फिरवायचं? मी लिहिलं की सदर महिलेने दुसऱ्या कोणाची तरी सायकल माझी म्हणून माझ्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. आठवड्यात स्टँड मावशींकडून काढून घेतलं. हवालदाराच्या चौकशीत काही निघालं नाही, कारण निघण्यासारखं काही नव्हतंच, पण तोपर्यंत नवा टोकनवाला स्टुलावर बसला होता. माझी सायकल बेवारस मालात जमा झाली.

पुढची वर्षं मी स्वतःची समजूत कशी घातली, तेही सांगतो. ब्रेक काय, कितीतरी सायकलींचे वाकडे असतात. नंबर मात्र नंबर असतो. बोटं फसू शकतात, आकडा फसत नाही. हे मी रोज स्वतःला सांगायचो असं नाही, पण स्टँडवरून जाताना सांगायचो. मागचं फाटक सोडून मी पुढच्याने जायला लागलो, तेवढंच कमी सांगावं लागे.

निवृत्त झालो. एका दुपारी जुनी कागदपत्रं निवडताना त्या सायकलची खरेदीची पावती हाताला लागली. पावतीवर फ्रेम नंबर लिहिला होता, सहा-शून्य-आठ-एक-नऊ. हवालदाराने वाचला होता तोच.

मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, समोर मुलगी भाजी निवडत होती. मी तिला म्हटलं की या दुकानदाराने पावतीवर नंबर चुकीचा लिहिलाय. तोवर मला तेच खरं वाटत होतं, बघा. मी पावतीवरचा नंबर एका कोऱ्या कागदावर मोठ्या इंग्रजी आकड्यांत उतरवला आणि सांगितलं, खरा नंबर सहा-एक-आठ-शून्य-नऊ होता.

मुलीने समोरून कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग तेच तर लिहिलंय."

मी म्हटलं, नीट वाच. तिने बोट ठेवून वाचलं: सहा, एक, आठ, शून्य, नऊ. मी उठून तिच्या बाजूला गेलो. तिच्या बाजूने तेच होतं. परत माझ्या बाजूला आलो तर पावतीवरचं. इंग्रजी सहा उलटा केला की नऊ, नऊचा सहा. शून्य, आठ आणि एक जिकडून बघाल तिकडून तेच, फक्त क्रम उलटतो. मी सायकलच्या चुकीच्या बाजूला उभा राहून नंबर वाचला होता. त्या एका बाणाने माझा आकडा सरळ झाला असता, आणि तो बाण मी काढू दिला नव्हता.

मुलगी हुशार आहे. तिने लगेच विचारलं की म्हणजे ती हिरवी सायकल आपलीच होती का, आणि रंग बदलला तरी ब्रेक वाकडाच असेल ना, बाबा, तुम्हाला कळलं नाही?

"नाही कळलं," मी म्हटलं.

साठी उलटलेला माणूस स्वतःच्या मुलीशी, भाजीच्या ढिगासमोर बसून, खोटं बोलला. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने वाढलेलं जेवण तिच्या नजरेसमोर मला खाववेना. पोट बिघडलंय म्हणून उठलो. तेही खोटंच.

आचाऱ्याकडून मावशींचा पत्ता मिळाला. तो पत्ता देताना माझ्याकडे बघत नव्हता. मावशी एका लॉजच्या धुलाईघरात होत्या. आत वाफ, ओल्या कपड्यांचा वास, आणि लांब टेबलावर वाळलेल्या चादरींचा डोंगर. मावशी बऱ्याच थकल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून उठत होत्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा."

मी धरली. त्या दुसऱ्या टोकाला. चादर ताणायची, मधोमध दुमडायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि टोकं त्यांच्या हातात द्यायची. अशा चार चादरी झाल्या तेव्हा कुठे मला तोंड फुटलं. मी नंबराचं सगळं सांगितलं, उलटं वाचल्याचं, बाणाचं, पावतीचं. फार सविस्तर सांगितलं. मला वाटतं, आकड्याबद्दल बोलत राहिलो की दुसरं बोलावं लागणार नाही, अशी माझी आशा होती.

"ते मला तिथंच कळलं होतं," मावशी म्हणाल्या. "हवालदाराने आकडा वाचला तेव्हा आधी वाटलं, लिहिताना चुकलं असेल. मग लक्षात आलं, तुम्ही उलटं वाचलंय, आणि बाजारात मीही उलट्या बाजूनेच चाचपलं, म्हणून वहीशी जुळलं होतं. वही फिरवून दाखवणारच होते."

"मग का नाही दाखवलंत?"

चादर दुमडत त्या माझ्याजवळ आल्या. टोकं माझ्या हातातून घेतली. "तुम्ही ब्रेक दाबला. आणि मी तुमचं तोंड बघितलं. ज्याला कळलेलं नाही त्याला वही दाखवायची, साहेब. तुम्हाला कळलेलं होतं."

मी मान खाली घातली. एवढी वर्षं माझी समजूत होती की ती गोष्ट माझ्या दोन बोटांखेरीज कोणाला ठाऊक नाही. आणि ही बाई ते जाणून घरी गेली होती, आणि ते मनात ठेवून जगली होती. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी हात जोडले, मावशी, चुकलो म्हटलं. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांत पुढच्या चादरीची टोकं दिली.

मी म्हटलं, प्रशासनाला लेखी देतो, सगळं खरं लिहून देतो. कागद नको, म्हणाल्या. तुमच्या कागदाने एकदा माझं व्हायचं ते झालं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की गुडघ्यांचं औषध आमच्या इस्पितळात चांगलं मिळतं, पण त्या दोन बस बदलून दुसरीकडे जातात. आमच्या फाटकातून त्या आत शिरल्या की लोक हळू बोलायला लागतात.

"तिथं सांगा," त्या म्हणाल्या. "जिथं बोललात तिथं. मला माझ्या गुडघ्यांसाठी त्या फाटकातून सरळ चालत जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी मागच्या फाटकाशी गेलो. शेड तीच. निम्म्या साखळ्या पुढच्या चाकांत. टोकनवाल्याने माझ्यासमोर टोकन धरलं आणि सायकल कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, सायकल नाही, मला इथल्या आधीच्या मावशींबद्दल सांगायचं आहे.

"कोण, ती सायकलचोर बाई?"

चोर हा शब्द मी लिहिला नव्हता. तो माझ्या कागदातून आपोआप वाढला होता. मागे रांग लागली होती. दोन नर्स, एक लॅबवाला, ओळखीच्या न वाटणाऱ्या तरुण मुली. एक जुना वॉर्डबॉय होता, तो मला बघून थांबला. मी त्यांच्याकडे तोंड केलं.

"मावशी चोर नव्हत्या. ती सायकल माझीच होती. ती माझी आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं, आणि मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. एका मुलीने मैत्रिणीला हळूच विचारलं की हे कोण. टोकनवाल्याने हातातलं टोकन खाली ठेवलं.

"मग काका, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मागच्या लोकांना कामावर उशीर होत होता, म्हणून मी बाजूला झालो. वॉर्डबॉय सायकल लावून माझ्यासमोरून गेला. त्याने आत जाऊन कोणाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ते त्याच्यावर सोडून चालणारही नव्हतं. इस्पितळात पाळ्या तीन असतात. दुपारची माणसं दोनला येतात. मी शेडच्या कडेला, उन्हात, उभा राहिलो.